कम्फर्टेबल

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मित्राच्या घरातलं दुखणं चारचौघांत मांडणं काही बरं दिसत नाही. पण तोच म्हणाला, "लिही. निदान तो शब्द तरी लोकांना कळू दे."

आम्ही दोघं सोफे बनवतो. मी कापड कापतो, शिवतो. तो फोम बसवतो आणि कापड ताणून ठोकतो. ठोकताना बारीक खिळे ओठांत धरतो, म्हणून त्याचं नाव खिळ्या. हे काम त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलं. मलाही त्यांनीच. मी त्यांना काका म्हणतो.

इंग्रजी मात्र मला कुणी शिकवलं नाही, मोबाइलवरून उचललं. गिऱ्हाईक सोफ्यावर बसतं, जरा हलून बघतं आणि म्हणतं, "कम्फर्टेबल आहे." आमचं पोटच या शब्दावर चालतं. एकदा मी त्याचे अर्थ शोधून मोठ्याने वाचले. आरामशीर, सुखावह, निवांत, ऐसपैस.

खिळ्या म्हणाला, "ऐसपैस म्हणजे आपल्या मालकाचं पोट."

पुढे कितीतरी दिवस मालक दिसले की आम्ही खाली मान घालून हसायचो.

मध्यंतरी काका हॉस्पिटलात होते. पोटात गाठ. एका दुपारी खिळ्या तिकडून थेट कारखान्यात आला तो शीळ घालतच.

"सुटलो रे! बाबांना घरी न्यायला सांगितलंय. औषधंसुद्धा कमी केली."

"डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या नेमकं?"

"म्हणाल्या, आता त्यांना कम्फर्टेबल ठेवू." त्याने सगळ्यात भारी फोम ओढून काढला. "आता हे आपल्याला सांगायला पाहिजे का? अशी गादी करतो की बाबा उठायचं नाव घेणार नाहीत."

माझी कात्री कापडातच थांबली.

"आणखी काही म्हणाल्या?"

"ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या म्हणाल्या. माणूस बरा होऊन घरी आला की लोक येणारच ना! ताईला कळवलं मी. म्हटलं, बाबा कम्फर्टेबल आहेत, धावपळ करू नकोस, पुढच्या महिन्यात सुट्टी मिळाली की ये."

त्याने सवयीने खिळे ओठांत धरले आणि तो फोम कापायला लागला. मी मोबाइल काढला आणि तो शब्द पुन्हा शोधला, या वेळी पुढे पेशंट लिहून. शब्द तोच, पण पेशंटशेजारी बसला की फिरतो. दुखू द्यायचं नाही, एवढाच अर्थ उरतो. बरं करण्याचं त्यात काहीच नाही.

"खिळ्या, आधी तोंडातले खिळे काढ."

"का रे?"

"काढ म्हणतो ना."

त्याने ते तळहातावर थुंकले. मी सांगितलं.

"तू डॉक्टर लागून गेलास काय? मोबाइलवर चार शब्द वाचलेस आणि निघालास माझ्या बापाला मारायला!"

"मग त्यांनाच विचार. माझं खोटं निघालं तर दोन कानफटात मार."

त्याने फोन लावला. "हो मॅडम... हो... किती?... हो." फोन ठेवला आणि पुन्हा फोम कापायला बसला. कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गादी घरी नेली. काकांना हॉस्पिटलातून आणून तिच्यावर झोपवलं. त्यांनी सवयीप्रमाणे शिवणीवरून बोट फिरवलं.

"काय म्हणाल्या रे डॉक्टर?"

खिळ्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कम्फर्टेबल ठेवायला सांगितलंय, बाबा."

"मग कमरेखालचा फोम उतरव थोडा, टोचतोय. एवढं शिकवलं तुला, गाढवा."

आम्ही त्यांना कुशीवर वळवलं. खिळ्या तिथेच सुरी घेऊन बसला. त्याची पाठ हलत होती.

काका म्हणाले, "हळू काप. घाई कसली?"

बाहेर जिन्यात त्याने ताईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या तोंडून निघेना.

"अरे, पण तो तर कम्फर्टेबल म्हणाला," ताई म्हणाली.

"ताई, त्याचा अर्थ तसा नाही. तू आजच निघ."



ताई दुसऱ्या दिवशी पोचली. काका तिच्याशी पोटभर बोलले, जावयाची थट्टासुद्धा केली. आता बहुतेक वेळ झोपूनच असतात.

काल खिळ्या म्हणाला, "उद्या डॉक्टरांकडे जायचंय. तू बरोबर चल. त्या जे बोलतील ते मला नीट सांग. मऊ करून सांगू नकोस."

"येईन," मी म्हणालो. "आणि जसं असेल तसंच सांगेन."