यंदाची साक्ष

पाळकीणबाई भर दुपारी दुकानात आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आतून कडी लावली.

"तुझी बहीण कुठंय?"

"दोरे आणायला गेलीय," ताई म्हणाली. "का हो बाई?"

शिवणकामाचं ते दुकान दोघी बहिणींचं होतं. थोरली मापं घ्यायची आणि कापायची. तिला सगळे ताईच म्हणत. धाकटी काजं-बटणं करायची. ती एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून मशीनमध्ये गरगर फिरणाऱ्या रिळावरून तिचं नाव पडलं होतं बॉबिन.

पाळकीणबाई साठीच्या, चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बायको. चर्चमधलं बायकांचं मंडळ गेली वीस वर्षं त्याच चालवत होत्या. त्या स्टुलावर बसल्या, पिशवीतून एक ब्रा काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "याला आतून एक खिसा लावून दे. डाव्या बाजूला. आणि त्यात भरायला काहीतरी."

ताईला आधी कळलंच नाही. मग बाईंनी अंगातला ब्लाउज काढला. डावीकडे छाती नव्हती.

चार महिन्यांपूर्वी बाई गुडघ्याच्या उपचाराला म्हणून बहिणीकडे गेल्या होत्या. सगळ्या मंडळानं त्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली होती, ताईनंही. आणि गुडघा तर ठणठणीत होता.

"पाळकांना ठाऊक आहे आणि आता तुला," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलवाले देतात तयार, पण त्याला अजून महिना आहे. मला शनिवारच्या सभेला हवंय."

शनिवारची सभा म्हणजे मंडळाची वार्षिक सभा. विषय बाईंनीच ठरवला होता: खरं सौंदर्य. आणि त्या सभेत साक्ष द्यायची होती, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं, ताईनं. दरवर्षी तीच द्यायची.

ताईला कोड होतं. तिशीत ओठाच्या कडेला एक डाग आला, मग डोळ्याखाली, मग दोन्ही हातांवर. तेव्हा ती त्वचेच्या रंगाचं क्रीम लावून चर्चला जायची. एका उन्हाळ्यात घामानं ते ओघळून कॉलरवर उतरलं. पाळकीणबाईंनी तिला हाताला धरून मागच्या नळापाशी नेलं. "ज्यानं तुला घडवलं त्याच्या कामावर तू रंग फासतेस? त्याला काय वाटत असेल?" ताई रडली, आणि तिथंच तिनं तोंड धुतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. क्रीमच्या डबीला तिनं परत हात लावला नाही. दरवर्षी ती हे सांगायची, बायका डोळे पुसायच्या, आणि नंतर एखादी तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "किती सुंदर आहेस गं तू!" ते ऐकून ताईला बरं वाटायचं. घरी गेल्यावर मात्र का कोण जाणे, तिला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

तिनं टेप काढला आणि उजवीकडचं माप घेतलं. डावीकडे आडवा व्रण होता, अजून लालसर. त्याला लागू नये म्हणून तिनं टेप जरा वर धरला.

"दुखतं?"

"नाही. बधिर आहे. तेच विचित्र वाटतं."

पहिल्यांदा तिनं नुसता कापूस भरला. तो हलका पडला, वर सरकला, आणि बाई आरशात वाकड्या दिसू लागल्या. वजन हवं होतं. ताई आतल्या खोलीतून मोहरीची बरणी घेऊन आली, सुती कापडाची छोटी पिशवी शिवून तिनं त्यात मूठभर मोहरी घातली आणि भोवती कापूस लपेटला.

"मोहरी?" बाईंना एकदम हसू फुटलं. "मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास ठेवा, असं आयुष्यभर सांगत आले गं मी! आता बसली बघ छातीवर."

दोघी हसल्या. हसता हसता बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. ताई टाचण्या तोंडात धरून खिशाची कड दुमडत होती. तिला बाईंची कीव येत होती, आणि खाली कुठंतरी रागही साचत होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कशा वाटतात, हे तिला समजेना. शेवटी तिनं टाचण्या काढून ठेवल्या.

"बाई, मग माझं क्रीम?"

"कुठलं क्रीम?"

"माझं. नळापाशी."

बाईंनी ब्लाउज उचलून अंगात घातला.

"ते वेगळं होतं गं," त्या म्हणाल्या.

"वेगळं कसं?"

ब्लाउजची बटणं लावताना बाईंनी एक बटण चुकीच्या काजात घातलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही मला."

त्या गेल्यावर बॉबिन आली. बहिणीचा चेहरा बघून तिनं विचारलं, "काय झालं? बाईंचं काही बिनसलं का?"

"काही नाही. एक कपडा अल्टर करायचा होता."

"आणि मोहरीची बरणी टेबलावर कशाला?"

"मला काय विचारतेस, ठेव उचलून!" ताई खेकसली. ती सहसा खेकसत नसे. बॉबिन चक्क गप्प बसली.

शनिवारपर्यंत ताईनं रोज प्रार्थना केली, पण नक्की काय मागायचं हेच ठरेना. देवाला फसवणूक आवडत नाही, हे तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं. पण ही फसवणूक होती का? बाईंना मान ताठ ठेवून चारचौघींत बसायचं होतं, एवढंच. क्रीम लावताना तेवढंच तर तिलाही हवं होतं.

सभेला चाळीसेक बायका होत्या. पाळकीणबाई पुढं खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. कुणाला कसली शंका येणं शक्य नव्हतं. आपलं काम चोख झालेलं बघून ताईला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली आणि पाठ असलेलं बोलू लागली: पहिला डाग, क्रीम, ऊन, कॉलर. नळापर्यंत आली आणि थांबली.

"त्या दिवशी मी तोंड धुतलं," ती म्हणाली, "ते देवासाठी धुतलं की भीतीनं, ते मला आजवर कळलेलं नाही. झाकणारी बाई देवावर रुसलेली असते, असं मी दरवर्षी इथं सांगत आले. यंदा मला तसं सांगता येत नाही. का, ते विचारू नका. कुणी झाकलं तर झाकू द्या. मी इतकंच बोलते." आणि ती खाली बसली.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतली एक मुलगी, चेहरा मुरुमांनी भरलेला, हळूच म्हणाली, "पण ताई, मग झाकायचं की नाही?"

"मला नाही माहीत, बाळा."

शेवटची प्रार्थना पाळकीणबाईंची. त्यांची प्रार्थना एकदा सुरू झाली की चहा थंड व्हायचा, असं बॉबिन नेहमी म्हणायची. त्या उठल्या. म्हणाल्या, "प्रभू, आम्हाला आमचं शरीर कळत नाही. तुला कळतं. आमेन." आणि बसल्या.

बाहेर पडताना दोघीतिघींनी ताईकडे पाहणं टाळलं. एकीनं मात्र तिचा दंड दाबला आणि ती निघून गेली.

"ताई, तू हे काय बोलून बसलीस?" रस्त्यात बॉबिननं विचारलं.

"खरं बोलले."

"मग एवढी हिरमुसलीस का?"

ताई भराभर चालू लागली.

पाळकीणबाई दोन दिवसांनी आल्या. कडी न लावता बसल्या, बॉबिनसमोरच. "नळापाशी मी तुला फरफटत नेलं होतं का गं?"

"नाही बाई. मी आपणहून आले. मला तेव्हा कुणीतरी तसं म्हणायला हवंच होतं. नाहीतर मी जन्मभर घामाला भीत राहिले असते."

"मग मी चुकले नाही?"

"चुकलातही. सगळ्यांच्या देखत नेलंत."

बाईंनी मान डोलावली. निघताना त्यांनी ताईच्या डाग असलेल्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. ते बरं वाटलं की नाही, हे ताईला सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात ती सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीनं क्रीमच्या छटांचं कार्ड तिच्या गालाशी धरलं, मग हाताशी, मग परत गालाशी. अकरा वर्षांत डाग इतके पसरले होते की पांढरं जास्त आणि सावळं कमी उरलं होतं.

"तुमचा मूळचा रंग कुठला धरू?" मुलीनं अगदी सहज विचारलं.

ताई काउंटरवरच्या आरशात बघत राहिली. मागं दोन बायका ताटकळत होत्या. तिनं कार्डावरच्या एका छटेवर बोट ठेवलं, मग उचलून शेजारच्या छटेवर ठेवलं, आणि म्हणाली, "जरा थांबता का? मला बघू दे."