चालू गाडीतले व्याही

रामकृष्ण खोलकुटेंनी किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, "टक्."

पुन्हा फिरवली. पुन्हा "टक्." त्यापुढे काही नाही.

मागच्या सीटवर त्यांची बायको शारदा पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी मुलगी मंजिरी. मंजिरीचं आज साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत दुसऱ्याच कुणाच्या भागवताचा मंडप पडला होता, म्हणून कार्यक्रम मुलाकडे, सिलतऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ठेवलेला.

"ऑटो बोलवा," शारदाबाई म्हणाल्या.

"व्याह्यांना सांगून ठेवलं ना, आपल्या गाडीनं येऊन राहिलो म्हणून!"

गाडी म्हणजे जुनी फियाट. भोपाळपासून वेगळं होऊन राज्य नवं झालं तेव्हा भोपाळला परत गेलेल्या एका साहेबानं ती सचिवालयातल्या या बाबूला विकली होती. जाताना साहेब एवढंच बोलले होते, "इसे समझना पड़ता है."

ढकलावी तर पुढे मंडप. गल्ली गोळा झाली. कुणी चाकाला लाथ मारली, कुणी पेट्रोलचा वास घेतला. तेवढ्यात समोरच्या घरातून होमिओपॅथीवाले डॉक्टर अच्युत देव बाहेर आले.

"कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "आधी लक्षणं पाहू. त्रास केव्हा जास्त? सकाळी का संध्याकाळी?"

"सकाळी," रामकृष्ण म्हणाले. "थंडीत जास्त."

"एकदाच टक् करते, का टकटकटक?"

"एकदाच."

"डोळे उघडा."

रामकृष्णांनी हेडलाइट लावले. लख्ख लागले. किल्ली फिरवली तशी टक् झालं आणि दोन्ही पार विझले.

"जोर आहे अंगात," डॉक्टर म्हणाले, "पण पोहोचून नाही राहिला. स्वभाव कसा आहे?"

"लवकर तापते. चढावर कुरकुर करते."

"अन् मागून कोणी ढकललं तर?"

"तेवढ्यापुरती चालते."

"अहो, हे तुमच्याबद्दल विचारून राहिले का जी?" मागून शारदाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी फुलून आली होती. डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"चामखीळ! चामखिळीवर थुजा."

ते घरातून बाटली घेऊन आले, मोजून थेंब टाकले आणि औषधाला वेळ द्यावा लागतो म्हणून ओट्यावर बसले. गल्लीही बसली.

शारदाबाईंना हे फार वेळ बघवलं नाही. त्या पदर खोचून घरात गेल्या, उकळत्या पाण्यात खाण्याचा सोडा घालून आणला, चामखिळीवर ओतला आणि जळका टोप घासावा तशी ती घासून काढली. फस्सकन फेस आला.

"बाह्योपचाराला माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पकडीनं वायर घट्ट आवळली. "लावा."

गाडी धडधडत चालू झाली.

"पाह्यलं? थुजा."

"सोडा," शारदाबाई म्हणाल्या.

"आता सिलतऱ्यापर्यंतच नाही, पोहोचल्यावरही चालूच ठेवा," डॉक्टरांनी बजावलं. "पुन्हा झोपली तर उठण्याचा भरवसा नाही."

सिलतऱ्याला मंडपापुढे नवऱ्या मुलाचे वडील गुलाबराव हात जोडून उभे होते. शारदाबाई उतरल्या. मंजिरी उतरली. रामकृष्ण बसूनच राहिले.

"या ना जी," गुलाबराव म्हणाले.

"डॉक्टरनं मना केलं."

"अरे! काय झालं तुम्हाले?"

"मले नाही. गाडीले. अन् पाय काढला का ती बंद पडते."

मंजिरीनं कपाळाला हात लावला. मंडपात कुजबुज सुरू झाली. पण मुहूर्त चालला होता, म्हणून शेवटी नवरा मुलगा, नीलेश, स्वतःच खिडकीशी येऊन वाकला. "अंकल, यहीं से कर दीजिए." रामकृष्णांनी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून खिडकीतून त्याला टिळा लावला. ऐनवेळी पाय दाबला गेला, इंजिन डरकाळलं, हात हलला आणि कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलं. नारळही खिडकीतूनच दिला. भटजींचे मंत्र कुणालाच ऐकू आले नाहीत.

रामकृष्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडून गुलाबराव ताट घेऊन आत बसले.

"जेवून घ्या."

"रागावले नाही ना जी?"

"काहून रागावू? आमची कारखान्यातली भट्टी बी अशीच. बंद केली का लोखंड आतल्या आत गोठते. या नीलेशच्या बारशाले मी भट्टीपाशी होतो. सरका, मी पाय ठेवतो."

गुलाबरावांनी चप्पल काढून आपला पाय पुढे सरकवला. एका व्याह्यानं गाडी जागी ठेवली, दुसऱ्यानं वरण-भात खाल्ला. इंजिनाच्या आवाजात दोघं ओरडून ओरडून बोलू लागले. लग्नाचा महिना ठरला, वरातीचा रस्ता ठरला. गुलाबराव रंगात आले.

"मले तर तुमची पोट्टी पाहताक्षणीच पसंत होती!" ते बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि त्याच क्षणी पेट्रोल संपून गाडी बंद पडली. "पण माझ्या बायकोले तुमची गाडी पसंत होती!"

हे वाक्य शांततेत मंडपभर ऐकू गेलं. गुलाबरावांची बायको पाण्याचा जग घेऊन गाडीपाशीच उभी होती. कुणी हसेना.

नीलेश गुपचूप स्कूटर घेऊन गेला आणि कॅनमध्ये पेट्रोल घेऊन आला. ते टाकीत ओतलं. रामकृष्णांचा हात किल्लीकडे जाईना. तेव्हा मंजिरी पुढे आली, खिडकीतून हात घालून तिनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"बंद नका करू," गुलाबरावांची बायको म्हणाली. तिनं जग मंजिरीच्या हातात दिला, नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पदर सावरून पुढच्या सीटवर बसली. "खरं बोलले ते. चला भाऊ, एक चक्कर मारा. रेल्वे फाटकापर्यंत."

रामकृष्णांनी गिअर टाकला. बाया बाजूला झाल्या. विहीणबाईंनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि रस्त्यातल्या प्रत्येक क्वार्टरपुढे भाऊंना गाडी जरा हळू करायला लावली.