बरणी

समीनानं मशीनची दांडी काचेच्या टाकीतल्या काळ्या पाण्यात सोडली आणि बटण फिरवलं. मुजीब कान देऊन उभे राहिले.

“आवाज कुठाय?”

“अब्बा, हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तेलाचे थेंब त्यानं एकमेकांना चिकटतात आणि वर येतात.”

“सोनोग्राफीच म्हना की,” मानसिंग हसले. “बघू, पोटात काय हाय ते.”

हसले खरे, पण नजर टाकीवरून हलली नाही. मलकापूरच्या कडेला त्यांच्याच रानात मुजीबांचं हे भाड्याचं शेड होतं. गॅरेजांतलं जुनं ऑइल आणायचं, त्यातलं पाणी काढायचं, तेल विकायचं. ते तेलकट पाणी झिरपत मानसिंगांच्या विहिरीला लागलं आणि त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या हंड्यावर तवंग दिसला. मानसिंगांची हयात फौजेत गेलेली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पाणी स्वच्छ करून दाखवा, नाहीतर शेड मोकळं करा, एवढंच म्हणाले. आज ते बघायलाच आले होते.

पाणी निवळेना. उलट राखाडी झालं, फेसाळलं. इतके दिवस समीना एकटीच तपासून बघायची, तेव्हा हेच मशीन गुपचूप काम करत होतं आणि आज नेमका घात झाला.

“वाढव की जरा,” मुजीब पुटपुटले.

तिनं जोर वाढवला. पाणी आणखीच दाट झालं.

“मुजीबभाई, ह्ये तर ताक झालं,” म्हणत मानसिंगांनी मांडीवरची टोपी डोक्यावर चढवली आणि ते उठले.

समीना टाकीवर वाकली. जळक्या ऑइलच्या वासाखाली लिंबाचा वास होता, भांड्यांच्या साबणाचा. साबण लागला की तेल पाण्याला सोडत नाही. पण हे तिनं घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

दारात तिची अम्मी, नूरजहां उभ्या होत्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी सकाळपासून शेड घासूनपुसून लख्ख केलं होतं. लेकीनं वास घेतलेला दिसताच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

घरात काहीही बिघडलं, तरी खापर अम्मीच्याच डोक्यावर फुटायचं. समीनाला त्याची मनस्वी चीड होती.

“काका, माझीच चूक,” ती म्हणाली. “टाकी मी साबणानं धुतली. दुसऱ्या भांड्यात दाखवते.”

“एवढी शिकलीस आन्—” मुजीब कडाडले.

“काचेचं भांडं हाय का दुसरं?” मानसिंगांनी उभ्याउभ्याच विचारलं.

दार रिकामं होतं. नूरजहां शेडमागच्या घरातून परत आल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर मोठी काचेची बरणी होती. माहेरची, जिच्यात वर्षाचं लोणचं मुरायचं ती. आतून अजून वाफ निघत होती.

“गरम पान्यानं विसळलीया,” त्या म्हणाल्या. मग मुजीबांकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हिला साबन न्हाई लावला.”

मुजीबांनी टाकी बाजूला सरकवून बरणीला जागा केली.

बरणीत काळं पाणी ओतताना समीनाला भरून आलं. आता तिच्यात पुन्हा लोणचं पडणार नव्हतं. तिनं बटण अगदी थोडं फिरवलं. हळूहळू काळा थर वर सरकला आणि खाली पाणी उजळत गेलं.

मानसिंग गुडघ्यावर बसले. बरणीतून पलीकडं त्यांना स्वतःचा ऊस दिसला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“च्या टाका, वहिनी.”

नूरजहां वळल्या. मुजीब त्यांच्यामागं दारापर्यंत गेले.

“लोणचं कशात काढलंस?” त्यांनी हळूच विचारलं.