गायरानावरच्या टिटवीचं गाऱ्हाणं

माझं कुणी ऐकलं नाही. घसा फाटेस्तोवर ओरडले, तरी नाही. मी टिटवी बोलतेय, सायखेड्याच्या गायरानावरची. माझा आवाज कानावर पडला की माणसं म्हणतात, मेली कुणाच्या मरणावर ओरडतेय. अरे, मी माझ्या पोटच्यांसाठी ओरडते. तुमच्या मरणाशी मला काय करायचंय?

मी जन्मले ती उघड्या जमिनीवर. आम्ही घरटं बांधत नाही. चार खडे बाजूला सारायचे नि मातकट, ठिपक्याठिपक्यांची अंडी तिथंच घालायची. खडा कुठला, अंडं कुठलं, कावळ्यालाही कळत नाही. झुडपं दाटली की मात्र आमचं मरण. चोर कुठून येतोय ते दिसायला नको?

मला अपशकुनी म्हणणारे हेच लोक वैशाखात माझी अंडी बघायला येतात. म्हातारा गोटीराम गुडघ्यावर हात ठेवून वाकतो नि सांगतो, "टोकं खाली हायेत. औंदा पाऊस लय." अंड्यांवर विश्वास, आईवर नाही.

तीन वर्षांमागं वैशाखात सरपंच रंगनाथ आला. सोबत त्याची पुतणी सायली, नाशिकला कॉलेजात शिकणारी. तिच्या मोबाईलात उपग्रहानं आभाळातून टिपलेला नकाशा होता. झाडझाडोरा किती हिरवा ते त्यावरून मोजायचं, नि कुठं पाखरं किती, किती जातींची, याचा अंदाज बांधायचा.

"काका, हा नुसता अंदाज आहे," ती म्हणाली. "आधी पायी फिरून मोजायला हवं. माळावरची पाखरं वेगळी असतात."

रंगनाथला तेवढं ऐकायला सवड कुठली. "हे बघ की. नदीकडं हिरवंगार, नि गायरान सगळं तांबडं. म्हंजे इथं पाखरूच नाय. झाडं लावू, येतील आपसूक."

नदीकडचं ते हिरवं म्हणजे पाण्यावर माजलेली पानवेल. आणि तांबड्यात मी बसले होते, त्याच्या चपलेच्या धुळीत, श्वास रोखून.

मग झाडांसाठी खड्डे खणायला जेसीबी आला. जमीन थरथरायला लागली. पोटाखाली अंड्यांतून टकटक सुरू झाली होती, पिलं बाहेर यायलाच टेकली होती. मी तशीच दबून राहिले. उठले तर अंडी उघडी पडणार, बसले तर चिरडणार.

शेळ्या वळणारी कुसाबाई यंत्राला आडवी आली. "रंगनाथभाऊ, तिथं टिटवी बसलीय. पिलं निघू द्या, मंग खांदा."

"उपग्रहाला दिसली नाय ती, तुला बरी दिसली."

"उपग्रह काय शेळ्या वळतो का इथं?"

माणसं हसली. ड्रायव्हरही हसला, नि त्यानं दांडा ओढला.

मी ओरडत उठले. पंख मोडल्याचं सोंग घेतलं, फरफटत लांब गेले. या सोंगाला कुत्रं फसतं, अंडी सोडून माझ्यामागं लागतं. यंत्र सरळच गेलं. मी परतले तेव्हा तिथं खड्डा होता. टकटक नव्हती.

आता तिथं झाडं दाटलीत. नकाशा हिरवा झालाय. पण चंडोल गेले, माझ्यासारख्याच उघड्यावर अंडी घालणाऱ्या पखुर्ड्या गेल्या, मीही निघाले. सध्या लासलगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, खडीच्या ढिगाशी बसलेय. पुन्हा अंडी घातलीत. कांद्याचा ट्रॅक्टर धडधडत आला की जीव गोळा होतो. चाक जरा कडेला उतरलं की संपलं. पण दुसरी उघडी जागा उरलीय कुठं? वाचणाऱ्यांनो, वरून खुशाल बघा. पण खाली पाय टेकवल्याशिवाय कुणाची जमीन ओसाड ठरवू नका.

परवा पारावर बैठक बसली. मी वर घिरट्या घालत ऐकत होते. सायली झाडांत फिरून पाखरं मोजून आली होती. नकाशावरून बांधलेल्या अंदाजाच्या निम्मीही भरली नव्हती.

"काका, चूक आपलीच आहे," ती म्हणाली. "माळावरची पाखरं झाडीत राहत नाहीत."

सगळे दोष कुणाला द्यायचा ते शोधायला लागले. झाडं लावणाऱ्याला दोष द्यावा, तर तो सरपंच. नकाशाला द्यावा, तर तो आभाळातला. तेवढ्यात गोटीराम खाकरला. "शेळ्यांनीच तुडवली असतील अंडी. पाखरं भ्याली नि गेली."

सगळ्यांना ते लगेच पटलं. गायरानात शेळ्या बंद झाल्या. आता गावात कुणालाही विचारा, पाखरं कुणामुळं गेली. एकच नाव सांगतील, कुसाबाई.