मूठभर मीठ

मित्रांनो, मी एक जुनी लसपेटी आहे. निळा रंग उडालेली, खांद्याला अडकवायचा पट्टा दोनदा शिवलेली. लहानपणी तुम्हाला टोचलेली लस माझ्यासारख्याच एखाद्या पेटीतून आली असेल. तेव्हा तुम्ही भोकाड पसरलं होतं, पण त्याबद्दल मी राग धरलेला नाही.

माझं पहिलं घर म्हणजे परभणी तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र. तिथल्या विजयमाला सिस्टर मला खांद्याला लावून वस्त्या-वस्त्यांवर हिंडायच्या. माझ्या आत चारही बाजूंना बर्फाच्या चपट्या थैल्या आणि मधोमध लसीच्या बाटल्या असत. सिस्टर भारी काटेकोर. काही लसींना ऊन बाधतं तशीच थंडीही बाधते, म्हणून त्या बाटली हलवून बघत आणि म्हणत, "गोठली की मेली." हे मी शेकडो वेळा ऐकलं. पुढे नव्या पेट्या आल्या आणि मला अडगळीत टाकलं. तीन वर्षं माझ्या पोटात जुने कागद आणि तुटका झाडू होता. एवढी पोरं वाचवल्यावर हे नशीब! मला फार वाईट वाटलं.

त्या अडगळीतून मला डॉक्टर श्रद्धाने रक्ताचे नमुने न्यायला मागून नेलं. देवगाव फाट्याची ही मुलगी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करते. तिच्या तोंडून ऐकून मलाही थोडंफार कळू लागलं. आपल्या रक्तातल्या काही पेशी प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंड म्हणजे रोगाला नेमकं ओळखून त्याला चिकटणारा पहारेकरी. कधी या पेशींमधलीच एखादी बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते. पेडगावच्या दत्तरावांना तोच कर्करोग झाला होता.

दत्तराव रेल्वेतून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी त्यांची दोनच वर्षं धरली होती, पण ते सातव्या वर्षातही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेत होते. असं का, हे श्रद्धाने शोधून काढलं. त्यांच्या रक्तात एक निराळंच प्रतिपिंड होतं. ते बिघडलेल्या पेशींना चिकटायचं आणि त्यांची वाढ रोखून धरायचं. ते बनवणाऱ्या चांगल्या पेशी जिवंत हाती लागल्या, तर तसंच प्रतिपिंड इतर रुग्णांसाठीही बनवता येईल, अशी तिला आशा होती.

दर दोन महिन्यांनी परभणीत दत्तरावांचं रक्त काढलं जाई आणि त्यांचा मुलगा उद्धव ते माझ्यातून रेल्वेने हैदराबादला नेई. उद्धव शाळेत शिपाई होता, शब्दाला जागणारा माणूस. "निजामाच्या राजधानीला चाललंय माजं रगत," दत्तराव त्याला चिडवायचे, "त्येला खिडकीजवळची जागा धर बरं!" त्या खेपांना माझा मान पुन्हा वाढला. पण तोवर श्रद्धा रक्तातलं प्रतिपिंड असलेलं पिवळसर पाणीच साठवत होती, पेशी नाही. त्या पेशींचं महत्त्व तिच्या उशिरा लक्षात आलं.

गेल्या मे महिन्यात आजाराने उचल खाल्ली. नवं, जहाल औषध सुरू करायचं ठरलं. त्या औषधाने बिघडलेल्या पेशींबरोबर चांगल्याही मरणार होत्या. म्हणून औषधाच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचं रक्त काढलं. दोन मोठ्या नळ्या. श्रद्धाने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं, "उद्धवभाऊ, या वेळी पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. नीट गार ठेवा."

गाडी पूर्णेला आली आणि तिथेच थांबली. पुढे रुळांचं काम निघालं होतं. दुपारचं ऊन असं की फलाटावर पाय ठेववत नव्हता. चार तास झाले. उद्धवने माझं झाकण उघडलं, तर थैल्यांचं पाणी झालेलं. तो धावत फलाटावरच्या कुल्फीवाल्या चंद्रभानकडे गेला.

"बर्फ द्या मामा, लवकर. आबांचं रगत हाय, हैदराबादला न्यायलालो."

चंद्रभानने बर्फ फोडून दिला आणि वर म्हणाला, "नुसता बर्फ टिकायचा न्हाई, लेकरा. मीठ टाक. माजी कुल्फी सांजपर्यंत दगडावानी ऱ्हाती."

उद्धवने विचारायला फोन काढला. श्रद्धाचा नंबर लावायला अंगठा उचलला. मग स्वतःशीच पुटपुटला, "मोठी मान्सं, कामात असतील. इतक्यासाठी कशाला तरास," आणि फोन खिशात घातला. चंद्रभानने आपल्या हाताने मूठभर मीठ माझ्या पोटात पसरलं, आणि बर्फाचे पैसेही घेतले नाहीत.

मित्रांनो, नुसता बर्फ टाकला असता तरी निभावलं असतं. मीठ घातलेला बर्फ मात्र साध्या बर्फाहून कितीतरी गार होतो. माझ्या मांडीवर नळ्या हळूहळू घट्ट होत गेल्या आणि मला ते सगळं कळत होतं. मला ओरडायचं होतं. पेटीला कुठलं तोंड!

दुसऱ्या दिवशी हैदराबादला श्रद्धाने नळी उजेडात धरली. गोठून वितळलेलं रक्त निव्वळ लाल पाणी झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तिने तासभर शोधलं, पण एकही पेशी जिवंत नव्हती. उद्धवने मिठाचं सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली.

"परत काढता येईल की, मॅडम?"

"औषध सुरू झालं, उद्धवभाऊ. त्या पेशी आता गेल्या." नळी परत ठेवत ती म्हणाली, "चूक माझी आहे. गार ठेवा, गार ठेवा, एवढंच म्हणत राहिले. गोठवू नका, हे एकदाही सांगितलं नाही."

घरी दत्तराव वाटच बघत होते.

"पोचलं का रं?"

उद्धव माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "पोचलं, आबा."

"मग झालं. कुनाच्या तरी कामी येईल."

ते औषध त्यांना सोसलं नाही. जून संपायच्या आत ते गेले.

तेरावं उरकून उद्धव मला रिकामीच घेऊन हैदराबादला आला. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला. "मॅडम, मी त्यांचाच हाय. माज्यात असंल का ते?" असं प्रतिपिंड बापाकडून मुलाकडे येत नाही, हे श्रद्धाला ठाऊक होतं. पण तिला नाही म्हणवेना. तिने रक्त घेतलं आणि मनापासून तपासलं. त्यात ते नव्हतं.

साठवलेल्या पिवळसर पाण्याचे काही थेंब आता उरले आहेत. त्यांत ते प्रतिपिंड आहे, पण ते बनवणारी पेशी नाही. श्रद्धा तेच थेंब जपून वापरत काम करते. मी तिच्या फळीवर बसून बघते.

मित्रांनो, त्या दिवशी पूर्णेला कुणीही वाईट वागलं नव्हतं. उद्धवने जीव टाकला, चंद्रभानने आपल्याजवळचं शहाणपण दिलं. फक्त विचारायचं राहिलं. समोरचा कितीही मोठा असो, कितीही कामात असो, अडलं तर त्याला विचारा. रागावला तर रागावू द्या. मी सगळं जाणत होते आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.