मी सुलोचनाच्या तावेर्नातली पेटी

हसू नका. बाटल्यांच्या फळीवरून बोलत्येय ती मीच, बाजाची पेटी. लाकूड माझं सावंतवाडीचं, सूर पालिताण्याचे. शिक्षण अर्धवट. खालच्या पट्ट्या शहाण्या, वरच्या दोन-चार शाळा सोडून पळालेल्या.

सुलोचनाच्या घोवानं मला भजनासाठी आणलं. तो गेला नि मी तावेर्नातल्या फळीवर चढले. तावेर्न म्हणजे आमच्याकडचं दारूचं दुकान, हेच चालवून सुलोचना जगायची. डाव्या अंगाला फेणी, उजव्या अंगाला फेणी, मधे मी सोवळी. बायकांचं नि पेट्यांचं असंच असतं बाई, धनी गेला की झाकण बंद.

गोवा राज्य झालं त्या सालची गोष्ट. मराठी की कोकणी यावरून गावात अजून जुंपायची. भांडण कोकणीत, घोषणा मराठीत, नि घसे सुकले की दोन्ही पक्ष सुलोचनाकडे. पण शेजारच्या तुये गावाच्या वाटेवर नवा बार झाला. लाल-हिरवे बल्ब, कॅसेटचा डेक! गिऱ्हाईक गेलं तिकडे. मग सुलोचनाचा दीर पांडुरंग साखळीहून आला. म्हणाला, बंद कर हे, चल आमच्याकडे राहायला. आमच्याकडे राहा म्हणजे आमची भांडी घास, एवढं मला पेटीलासुद्धा कळतं.

सुलोचनानं त्याच्याकडून एक शनिवार मागून घेतला. त्या सांजेला फुकट गाणं ठेवायचं. दुकान चाललं तर चाललं, नाहीतर चावी पांडुरंगाच्या हातात.

चतुर्थी नुकतीच झालेली, आरतीला वाजवायची मातीची घुमटं अजून माळ्यावर चढली नव्हती. ट्रक चालवणारा गुरुदास आपलं घुमट घेऊन आला, चुलीपाशी धरून त्याचं कातडं तापवू लागला. देवळात पेटी वाजवणारे गोकुळदासबाब माझ्यापुढे बसले. सुलोचनानं त्यांना दहादा बजावलं होतं, भजन नको, नाटकातलं पद म्हणा. किती वर्षांनी कोणी माझा भाता ओढला! अंगभर गुदगुल्या झाल्या.

नि माणसं आली की हो! दार भरलं, खिडकी भरली. नव्या बारातले पण उठून आले. सुलोचना ग्लास पुसून तयार.

पण झालं काय, गोकुळदासबाबांची बोटं देवळात वाढलेली. पद नाटकातलं, पण वाजलं देवासमोर वाजावं तसं. त्यात घुमटाचा आरतीचा ठेका. पहिल्या माणसानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. त्याचं बघून दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. बाकडी रिकामी, सगळे जमिनीवर मांडी घालून. कोणी विडी विझवली. ज्यानं ग्लास भरून घेतलेला, त्यानं तो हळूच बाकड्याखाली सरकवला.

सुलोचनाचा चेहरा उतरला. मला काय राहवतंय? मी मुद्दाम एक पट्टी अडकवून घेतली. भोंऽऽ! वाटलं, हसतील नि मोकळे होतील. तर एक म्हातारा डोळे मिटून म्हणाला, ‘‘काय भाव आहे!’’ कपाळ माझं.

पद संपलं तसे सगळे हात जोडून उभे राहिले. दारातून पांडुरंग म्हणाला, ‘‘बघितलंस वयनी? तुझ्या दुकानाचं देऊळ झालं. दे चावी.’’

सुलोचनानं कमरेची चावी काढली. काढली, पण दिली नाही. हात जोडून उभी असलेली ती माणसं बघत राहिली. भजनानंतर माणूस कशाला थांबतो, ते तिला आठवलं असणार. चावी परत खोचून तिनं दारूबरोबर खायला शिजवलेल्या चण्यांचं पातेलं उचललं, वर खोबरं भुरभुरलं नि एकेकाच्या हातावर घालत गेली. सगळ्यांनी घेतलं, डोळ्यांना लावलं, खाल्लं.

मग म्हणाली, ‘‘प्रसाद झाला. आता चपला घाला नि भायर बसा. ग्लास थंयच येतले.’’

मग गुरुदास उंबरा ओलांडून गेला नि पायात चपला सरकवून वळला.

‘‘वयनी, आता मी तुझं गिऱ्हाईक. भर.’’

अशी रात्र मी पुन्हा पाहिली नाही! आत पद, बाहेर पेला. पद सुरू झालं की ग्लास पायरीवर ठेवून, चपला काढून आत. पद संपलं की चणे नि पुन्हा बाहेर. गोकुळदासबाब एकदाच बाहेर गेले, पण आले ते सुरेख गात आले. ग्लास पुरेनात तेव्हा पांडुरंगच बाही सारून विसळायला बसला. चावीचं नाव त्यानं परत काढलं नाही.

आता मी म्हातारी. उंदरानं भाता कुरतडला तेव्हा सुलोचनानं बाटलीवरची लेबलं खळीनं चिकटवून तो बुजवला. अजून शनिवारी गाते. तुम्ही पण या, फुकट आहे. फक्त मला वाजवताना भाता जरा हळू ओढा, छाती भरून येते. नि गुरुवारी देवळात नेतात तेव्हा मी तोंड थोडं बाजूला करून गाते. वास येतो ना.