एक घर, एक खातं

"कडी लावायची ती मांजरासाठी गं बाई, माणसासाठी नव्हे."

लग्न होऊन घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई बंद दाराबाहेरून असं बोलल्या होत्या. आत ती कपडे बदलत होती. आवाज रागाचा नव्हता. सायीसारखा मऊ होता, पण सायीखालचं दूध तापलेलंच होतं. त्या दिवसापासून तिनं कधी कडी लावली नाही.

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण आताशा तो आवाज तिला उठता-बसता ऐकू येत होता. ऐकू आला की ती शिलाईच्या मशीनवरून उठे, जिन्यापाशी जाई, पहिल्या पायरीवर पाय ठेवी आणि परत येऊन बसे. तोवर दोरा निसटलेला असे. तो ओवायचा, चार टाके घालायचे, की पुन्हा उठायचं.

साऱ्या गल्लीची ती वहिनीच. घराच्या पुढच्या खोलीत ती खिडक्यांचे पडदे शिवी. गिऱ्हाईकं मापं आणून देत, कापड चाचपून बघत आणि जाता जाता हमखास सांगत, "वहिनी, बाहेरून आतलं दिसता कामा नये हं. पण उजेड मात्र यायला हवा." वहिनी मान डोलवी. असा पडदा अजून कुणी विणलेला नाही, हे ती कुणाला सांगत नसे.

नवरा छापखान्यात मशीनवर कामाला. धाकटा दीर वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटा राही. लग्नाच्या भानगडीत तो पडलाच नव्हता. मोटार शिकवणाऱ्या शाळेत तो शिकवायला होता. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "ब्रेक! ब्रेक! अहो ताई, रडू नका, आधी ब्रेक दाबा!" असं ओरडायचं, हा त्याचा धंदा. आवाज असा खणखणीत की गाडी चौकात असली तरी गल्लीला कळावं, भावजी जेवायला निघाले.

दोघे भाऊ एका ताटात जेवलेले, एका पांघरुणात वाढलेले. पाण्यात काठी मारली तरी पाणी दुभंगत नाही म्हणतात. पण ह्या निवडणुकीनं काठी नाही, बांधच घातला. थोरला सत्तेवरच्यांच्या नावानं बोटं मोडणारा, धाकटा त्यांच्यासाठी जीव टाकणारा. रोज रात्री जेवताना थोरला विचारायचा, "रस्त्यातले खड्डे कुणी खाल्ले?" धाकटा म्हणायचा, "खड्डे कुणी खात नाही दादा, रस्ता खातात. आणि तो आधीच्यांनी खाल्ला." वहिनी वाढत राही. भांडणही आमटीसारखंच, गरम असेतो चवीचं.

मग एक दिवस धाकट्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठलंसं भाषण टाकलं. थोरल्यानं खाली लिहिलं, "गुलाम." धाकट्यानं उत्तर दिलं, "त्यांचीच पत्रकं छापून पोट भरतोस आणि त्यांनाच शिव्या देतोस, त्याला काय म्हणायचं रे दादा?" हे खरं होतं, म्हणूनच लागलं. सगळ्या मावश्या-आत्यांनी वाचलं. धाकटा ग्रुपमधून गेला आणि जेवायला खाली यायचाही थांबला.

त्यानंतर अबोला. आणि अबोला म्हणजे बोलणं वाढलंच, फक्त वहिनीमार्फत. "वहिनी, त्यांना सांगा, टाकी भरली, मोटर बंद करा." ते 'त्यांना' दोन हातांवर उभे असत. "अगं, त्याला सांग, मला कान आहेत." दोन देशांच्या मधला तपासणी नाका झाली होती ती. पुढे पुढे धाकटा तेही बोलेना. वहिनीच्याच फोनवर दोन शब्द लिहून पाठवी. ताट ती जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवी, रिकामं ताट तिथूनच आणी.

"बघ ताठा! आता तुझ्याशीही बोलायला तोंड दुखतं त्याचं," नवरा म्हणायचा. तिलाही तसंच वाटलं होतं. तिलाही राग आला होता. तो राग आठवला की आता तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

ह्याच सुमाराला घरचा काँप्युटर बिघडला. आधी नुसता घुरघुरायचा, दम्याच्या म्हाताऱ्यासारखा. मग एक पान उघडायला इतका वेळ घेऊ लागला की तेवढ्यात पडद्याची एक बाजू दुमडून व्हावी. आणि मग जाहिराती सुरू झाल्या. नवऱ्यानं बातमी उघडली की बाजूला गळ्याच्या डॉक्टरांची पाटी. पुढाऱ्याचं भाषण लावलं की आधी घशाच्या गोळ्या. 'आवाज बसलाय? दुर्लक्ष करू नका!'

नवरा खुर्चीतून ताडकन उठला. "बघितलंस? आता कळलं का? हा इशारा आहे, इशारा! मी बातम्यांखाली त्यांच्याविरुद्ध लिहितो ना, म्हणून. आवाज बंद करू, असं सांगतायत मला."

"अहो, तुमचा आवाज बंद करायला कुणाला सवड आहे?"

"तुला नाही कळायचं. हे ऐकतात. परवा आपण पंख्याबद्दल बोललो, लगेच पंख्याची जाहिरात आली की नाही?" आणि त्यानं जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून काँप्युटरच्या कॅमेऱ्यावर लावली. वर दुसरी, आडवी.

वहिनी हसली होती तेव्हा. ते तिचं शेवटचं मोकळं हसणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. पडद्याला लावायच्या कड्यांचा भाव बघावा म्हणून ती काँप्युटरपाशी बसली. शोधायच्या चौकटीत नुसती टिचकी मारली, तर आधी शोधलेलं खाली उलगडलं. 'आवाज बसून महिना झाला.' त्याखाली 'स्वरयंत्रावरची गाठ.' त्याखाली 'स्वरयंत्र काढल्यावर बोलता येतं का.' आणि सगळ्यांत खाली, 'घरी कसं सांगावं.'

नवऱ्याचा आवाज तर शेजारीपाजारी ऐकू जाण्याइतका ठणठणीत. आणि तिनं तर पडद्यांशिवाय काही शोधलेलं नाही.

मग तिला आठवलं. काँप्युटर घरात आला तेव्हा सगळं धाकट्यानंच लावून दिलं होतं. "दोन-दोन खाती कशाला वहिनी? घर एक, खातं एक. आई असती तर हेच म्हणाली असती." तेच खातं त्यानं आपल्या फोनातही घातलं होतं. अबोला धरला, ग्रुप सोडला, जेवण वेगळं झालं, पण खातं वेगळं करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वर खोलीत एकट्यानं पडून तो फोनला जे विचारत होता, ते खाली तिच्या पुढ्यात उमटत होतं.

तिनं काँप्युटर बंद केला. कुणाच्या मनाची कडी काढून आत शिरल्यासारखं झालं तिला. पण दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा उघडला. तिसऱ्या दिवशीही. रोज काहीतरी नवं असे. 'तपासणीचा अहवाल कसा वाचावा.' 'लिहून दाखवायची पाटी.' 'मुका माणूस मोटार शिकवू शकतो का.' हे वाचून तिनं पदर तोंडात कोंबला. मग तिनंही शोधायला सुरुवात केली. गाठ किती दिवसांत वाढते, चांगले डॉक्टर कोण, घरगुती उपाय काय. शोधावं, उठावं, जिन्यापर्यंत जावं, परत यावं. पडद्याची शिवण वाकडी जाऊ लागली. उसवावं, पुन्हा शिवावं. सांगावं तर चोरून वाचलेलं कबूल करावं लागणार. न सांगावं तर घास घशाखाली उतरत नव्हता.

आणि एक दिवस वरून येणारं सगळं थांबलं. नवं काहीच उमटेना. बरं वाटलं असेल का? की आणखी काही? तिला राहवेना. ताट घेऊन ती जिना चढली, आणि ह्या वेळी ते पायरीवर न ठेवता तिनं दारावर थाप मारली.

धाकट्यानं दार उघडलं. दाढी वाढलेली, गळ्याला रुमाल.

"वहिनी, 'गाठ विरघळवणारा काढा' तुम्हीच शोधलात ना?"

वहिनी एक पाऊल मागे सरली. शब्दांनी नव्हे, आवाजानं. सुक्या पानांवरून कुणी दबकत चालावं तसा आवाज होता तो.

"माझ्या फोनात दिसलं," तो म्हणाला. "आधी वाटलं, मीच शोधलं असेल. पण त्याखाली लगेच 'जाड पडद्याच्या कापडाचा ठोक भाव'. म्हटलं, हे डोकं काही आपलं नव्हे." तो हसला. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. "मग बंदच केलं शोधायचं."

"भावजी, मी मुद्दाम नाही हो बघितलं." वहिनी खाली मान घालून म्हणाली. "म्हणजे पहिल्यांदा नाही मुद्दाम. नंतर मुद्दामच."

"बरं झालं. कुणाला तरी ठाऊक असलेलं बरं वाटतं." त्यानं ताट घेतलं. "मंगळवारी कापणार आहेत. आवाज राहील की जाईल, ते आत गेल्यावरच कळेल म्हणतात. आमच्या शाळेचे मालक येतायत सोबत."

"मालक? सख्खा भाऊ खाली बसलाय आणि मालक?"

"दादाला सांगायचं नाही."

"अहो, पण..."

"नाही वहिनी. सांगितलंत तर तो पळत येईल. रडेल. मीच चुकलो म्हणेल. मला तो कीव म्हणून हरलेला नको. पटलं म्हणून म्हणाला तर गोष्ट वेगळी." बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर तो म्हणाला, "माझ्या गळ्याची शपथ."

आता ह्या शपथेला काय म्हणावं? वहिनी जिना उतरली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. मशीनचं चाक फिरे आणि मनही. सांगू? नको. सांगू? शपथ. नवरा रोज संध्याकाळी येऊन पट्टी लावलेल्या कॅमेऱ्याकडे वाकडं बघे आणि म्हणे, "रविवारी माणूस येतोय. एकदाचा सगळा किडा काढून टाकू."

रविवारी सकाळी काँप्युटर दुरुस्त करणारा आला. बडबड्या, चटपटीत गृहस्थ. खुर्ची ओढून बसत म्हणाला, "काका, कॅमेऱ्याला लागलंय का काही? मलमपट्टी केलीय म्हणून विचारतो."

"ते बघतात."

"कोण?"

"सगळेच."

"काका, इथे तुम्ही गंजीफ्रॉकवर बसता. तुम्हाला बघायचं म्हटलं तर त्यांनी तुमच्याकडेच पैसे मागावेत."

वहिनी दुसऱ्या बाजूला कापड मापत होती. तेच कापड, तीच बाजू, पुन्हा पुन्हा. दुरुस्तीवाल्यानं आतली धूळ काढली, नको ते काढून टाकलं, मग खातं उघडलं आणि मान हलवली. "किडा-बिडा काही नाही. ह्या खात्यात दोघं जण आहेत. एक हा काँप्युटर आणि एक फोन. फोनवाला जे शोधतो, त्याच्या जाहिराती तुम्हाला दिसतात. तुमचं त्याला."

"कुणाचा फोन?"

"नाव दिलंय, 'ब्रेक मास्तर'."

नवऱ्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे हा माझ्यावर पाळत ठेवतो? माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर राहून? मी काय वाचतो, कुणाला काय लिहितो, सगळं पोचवत असेल त्या सत्तेवरच्यांना!"

"काका, असं नसतं हो, जुनं जोडलेलं राहून जातं कधी कधी..."

"तुम्ही मध्ये पडू नका! काढा तो फोन. मुळासकट काढा."

दुरुस्तीवाल्यानं बोट उचललं. "एकदा काढला की त्यांचं त्यांना, तुमचं तुम्हाला. काढू?"

उत्तर द्यायला नवरा होता कुठे? तो जिन्याच्या तळाशी पोचला होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मान वर करून हाक मारली. "ए! खाली ये! समोर ये आणि बोल काय ते!"

वर काही हललं नाही.

"चोराच्या मनात चांदणं! ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलताना जीभ चुरुचुरु चालत होती, आता काय झालं?"

वर दार करकरलं. पावलं जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली.

"का रे?" नवरा ओरडला. "आवाज बसला?"

वहिनीनं कात्री टेबलावर ठेवली. ती जिन्यापाशी आली, नवऱ्याच्या आणि पायऱ्यांच्या मधे उभी राहिली.

"हो. बसलाय," ती म्हणाली. "भावजींच्या गळ्यात गाठ आहे. त्या जाहिराती तुमच्यासाठी नव्हत्या हो, त्यांच्यासाठी होत्या. मी वाचलं, मला ठाऊक होतं. मंगळवारी कापणार आहेत. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. त्यांनी मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. ती मी मोडली." तिनं बाजूला होऊन जिना मोकळा केला. "जा वर. आणि रडू नका तिथे. काय भांडायचं ते पोटभर भांडा. आज ते उत्तर देतील."